राजाची उडी

शनिवारी दुपारी दोन वाजता प्रेमिलाने जिंकत आलेला डाव स्वतःच्या हाताने घालवला. तिने आपला राजा उचलला, घोड्याच्या चालीने अडीच घरं उडवून प्याद्याच्या मागे बसवला आणि घड्याळाची कळ दाबली. समोर बसलेल्या सुमतीबाईंनी लगेच दोन्ही बाजूंचे काटे थांबवले.

"हे काय वं, तुमचा राजा काय घोड्यावर बसून आला?"

भोवती उभे असलेले हसले. प्रेमिलाला आधी कळलंच नाही की झालं काय. तिने पटाकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं. राजा जिथे बसायला हवा तिथेच बसला होता. मग गोपाळराव पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "प्रेमिलाबाई, चुकीची चाल झाली. पाच मिनिटांच्या डावात चुकीची चाल म्हणजे डाव गेला."

ही गोष्ट १९८० सालच्या डिसेंबरातली, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीतली. गोपाळराव तिथल्या अभिलेख शाखेचे मोठे बाबू आणि कचेरीच्या बुद्धिबळ संघाचे कप्तान. सुमतीबाई कायम नोकरीतल्या आणि महिला संघातल्या पहिल्या पटावरच्या. प्रेमिला रोजंदारीवर. आवक-जावकच्या टेबलावर पाकिटं चिकटवायची, शिक्के मारायचे, मस्टरवर रोज सही करायची. ती ज्या तात्पुरत्या कक्षात होती तो कक्ष मार्चअखेर बंद होणार होता आणि त्यातल्या सगळ्या बायका घरी जाणार होत्या. सगळ्या म्हणजे एक सोडून. महिला संघातला दुसरा पट रिकामा होता. त्या पटासाठी जी निवडली जाईल तिला खेळाडू म्हणून कायम करून घेता येईल, असं परिपत्रक आलं होतं. विभागाच्या स्पर्धा पाच-पाच मिनिटांच्या डावांच्या असत, म्हणून निवडही तशीच होणार होती. मार्चमध्ये.

सुमतीबाईंबरोबरचा तो डाव नुसता चाचणीचा होता. पण सोमवारपासून कचेरीत प्रेमिलाचं नाव घोडेस्वार पडलं. चहावाला नानाजीसुद्धा विचारू लागला, "घोडेस्वार बाई, चाय इथंच देऊ का घोड्याले पण पाजता?"

तिच्या हाताने उडी का मारली, हे तिला ठाऊक होतं. तो तिच्या बापाचा हात होता.

देवाजी मूळचा भिवापूरचा. तरुणपणी नागपूरच्या मिलमध्ये लागला, इंदोऱ्यात खोली घेतली, छपन्न साली दीक्षाभूमीवर इतरांबरोबर धम्म घेतला. तिथून परत येताना त्याच्या पिशवीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याच खाली त्याची सोंगट्यांची डबी होती, असं तो कौतुकाने सांगे. कापडी पट आणि लाकडी सोंगट्या घेऊन तो निंबाखाली बसे. खेळ देशी. प्यादं सुरुवातीला एकच घर सरकणार. राजाला एकदा, आणि एकदाच, घोड्यासारखी उडी मारायची मुभा, मात्र तोवर त्याला शह बसलेला नसावा. प्याद्याने मात दिली तर वस्तीत दोन दिवस चर्चा. देवाजीची प्यादी मात इंदोऱ्यात प्रसिद्ध होती. पोरगा नव्हता, म्हणून पोरीला समोर बसवून शिकवलं. बायको होती तोवर कुरकुरायची, "पोरीच्या जातीले काय करायचं ते." बायको गेली. मिलमधल्या कापसाच्या धुळीने देवाजीची छाती गेली. आता तो उंबऱ्याशी बसे, चार वाक्यं बोलला की थांबे, श्वास जमवे आणि मग पाचवं बोले.

शनिवारी संध्याकाळी प्रेमिलाने घडलेलं सांगितलं. देवाजीला हसू आलं.

"मंग बरोबरच तं खेळली. राजा सुरक्षित झाला."

"त्यांच्या नियमात नाही बाबा ते. त्यांच्यात किल्लेकोट रायते. राजा दोन घरं सरकते आन् हत्ती त्याच्यावरून इकडे येते."

"हत्ती राजाच्या डोक्यावरून जाते?" देवाजी जरा थांबला. "आन् आपल्या उडीले हसतात ते?"

तिला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यापुढे मार्च होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती अभिलेख शाखेत गेली. कचेरीत बुद्धिबळाचं घड्याळ एकच होतं, दोन तबकड्यांचं, लाकडी, आणि ते गोपाळरावांच्या कपाटात असे. प्रत्येक तबकडीत बाराच्या अलीकडे एक बारीक लाल झेंडी. काटा तिला उचलतो आणि वेळ संपली की ती पडते. ज्याची पडली तो हरला, पटावर वजीर असो वा नसो.

"मले शिकवा," ती म्हणाली.

गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला. "चाली तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या दिसतात. शिकवू काय? एक सांगतो. डाव हरला की उठून जाऊ नका. मागं जा. शेवटच्या चालीपासून एकेक चाल परत घ्या, आणि जिथं हात आधी गेला आणि डोकं मागून आलं ते घर शोधा. पाच मिनिटांच्या डावात लिहून ठेवायला सवड नसते. तेव्हा लक्षात ठेवायला शिका."

ती शिकली. मधल्या सुट्टीत जो भेटेल त्याच्याशी एक डाव, बहुतेक वेळा हार, आणि संध्याकाळी सिव्हिल लाइन्सपासून इंदोऱ्यापर्यंत चालत जाताना तोच डाव डोक्यात उलटा. कडबी चौकापर्यंत डावाचा शेवट सुटलेला असायचा. चौक ओलांडला की मधला भाग. तिथे ती अडायची. कोणतं प्यादं कुणी मारलं, उंट आधी निघाला की घोडा, आठवेना झालं की ती चालता चालता उभी राहायची. एकदा मागून सायकलवाला येऊन आदळता आदळता वाचला. "बाई, मरायचं हाय तं माया सायकलखाली काहून?" म्हणून निघून गेला. तिने मान वर केली नाही. तिला तेवढ्यात उंट सापडला होता.

घरी आली की चुलीवर भाताचं आधण ठेवायची आणि पट मांडायची, थेट त्या जागेपासून जिथे चूक झाली. काही दिवसांत तिच्या ध्यानात आलं की चुका नाना प्रकारच्या नाहीत, दोन-तीनच आहेत आणि त्याच फिरून येतात. समोरच्याचं प्यादं सुरुवातीला दोन घरं येऊ शकतं हे ती विसरायची. समोरचा घाई करू लागला की तीही घाई करायची, आपल्याकडे वेळ उरलेला असताना. आणि राजा. राजावर ताण आला की हात आपोआप उडीला जायचा. जानेवारीत दोनदा गेला. एकदा कळ दाबण्याआधी तिने थांबवला, एकदा नाही थांबला.

त्या संध्याकाळी देवाजीने नेहमीप्रमाणे सोंगट्या मांडून ठेवल्या होत्या. बापलेकीचा एक डाव जेवणाआधी, हा घरातला नेम होता, ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासूनचा.

"बाबा, आता आपण नाही खेळायचं," ती म्हणाली.

"काहून?"

"माझा हात बिघडते. तुमच्या संगं खेळली की उडी परत येते."

 देवाजीने सोंगट्या एकेक करून डबीत टाकल्या. वजीर टाकताना जरा वेळ लागला. मग म्हणाला, "भात पाहा. करपून राहिला."

आठवडाभर तो निंबाखालीही गेला नाही. उंबऱ्याशी बसून रस्त्याकडे पाही. शेजारची अंजनाबाई म्हणाली, "काहून वं, बापाले काय बोलली? त्याचा खेळच काढून घेतला म्हणते."  रागावण्याइतकी ताकद प्रेमिलात उरली नव्हती. कचेरीत डाव, वाटेत डाव, घरी डाव, झोपेत डाव. स्वप्नात तिचा राजा उडी मारायचा आणि ती दचकून उठायची, कळ दाबली का नाही ते आठवत.

मग एके दिवशी ती घरी आली तर देवाजी पट मांडून बसला होता. "तुझे नियम सांग," तो म्हणाला. "मी तसाच खेळतो. किल्लेकोट तं किल्लेकोट. हत्ती जाऊ दे राजाच्या डोक्यावरून."

तिने सांगितले. तो खेळला. तिसऱ्याच डावात त्याने स्वतःच राजाची उडी मारली आणि समाधानाने मिशीवर हात फिरवला. प्रेमिलाने पटाकडे पाहिलं आणि पुढची चाल खेळली. तीन-चार चालींनंतर तिला आठवलं. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही उडी मारली."

"मारली तं. तू काही बोलली नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. देवाजीला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. ती त्या दिवशी ही गोष्ट विसरून गेली. पुढे तिला ती आठवणार होती.

मग त्यांनी सरावाची वेगळी रीत काढली. देवाजी खेळणार नाही, नुसता टाळी देईल. टाळी वाजली की पुढची टाळी वाजायच्या आत प्रेमिलाने चाल करून उलट्या ताटलीवर थाप मारायची. दोन्ही बाजूंनी तीच खेळायची. त्याचा श्वास अडला की टाळी लांबायची, आणि श्वास परत आला की दोन टाळ्या लगोलग. "हेच बरं," ती म्हणे. "डावातही वेळ असाच येते." आणि राजाच्या मानेला तिने काळा दोरा बांधला. पांढऱ्याच्या आणि काळ्याच्याही. बोटांना दोरा लागला की आठवायचं, एकच घर. कचेरीतल्या सोंगट्यांना दोरा नव्हता, पण हळूहळू तिथेही बोटं राजाजवळ गेली की दबकू लागली. फेब्रुवारीत हाताने एकदाही उडी मारली नाही. गोपाळरावांना तिने दोन डावांत हरवलं. दुसऱ्यांदा त्यांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं, चालू आहे ना म्हणून. नानाजीने घोडेस्वार म्हणणं सोडलं.

त्या पटासाठी चौघी होत्या. दोघी फार कच्च्या. उरली शामला.

शामला मौद्याची. रोज एसटीने यायची, त्याच कक्षात टंकलेखनाच्या टेबलावर रोजंदारीवर. दोघी डबा एकत्र खायच्या. शामलाच्या डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, प्रेमिलाच्या डब्यात भाजी असेल ती. शामलाला खेळ आजोबांनी शिकवलेला, मौद्याच्या पारावर. तिचा हात वाऱ्यासारखा चाले. डाव संपला की ती हसत उठायची, हरली तरी. मागे जाऊन पाहणं तिला माहीत नव्हतं.

"तू डाव झाल्यावर एकटीच पटाशी काय करत रायते वं?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही. सोंगट्या आवरते."

"येवढा वेळ?"

"येवढा वेळ."

जानेवारीच्या शेवटी मधल्या सुट्टीत शामलाचाही राजा एकदा उडाला होता. समोर लेखा शाखेतला एक नवखा कारकून होता, त्याच्या ध्यानातच आलं नाही. प्रेमिला बाजूला उभी होती. तिने पाहिलं आणि गप्प राहिली. डबा खाताना सांगावं असं मनात आलं. दोरा बांध म्हणावं, सवय जाते. तेवढ्यात शामलाने ठेचा पुढे केला. प्रेमिलाने तो भाकरीला लावला आणि दुसऱ्याच गोष्टी बोलली. हिची ही खोड तशीच राहू दे, असं तिला त्या घटकेला वाटलं होतं. मार्चमध्ये शामलाचा राजा केव्हातरी उडी मारेल, आपण घड्याळ थांबवू, आणि संपलं. त्यानंतर हा विचार तिने झटकला नाही. आधार वाटायचा त्याचा.

निवड मार्चच्या तिसऱ्या शनिवारी झाली. दुपारी अभिलेख शाखेतल्या फायली बाजूला सारून टेबल मोकळं केलं होतं. पंख्याने सोंगट्या पडू नयेत म्हणून पंखा बंद. वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी. सकाळच्या डावांत दोघी गळाल्या. प्रेमिला आणि शामला बरोबरीत राहिल्या. कचेरीच्या साहेबांनी सांगितलं, एक डाव आणखी, जी जिंकेल तिचं नाव जाईल. पंच गोपाळराव.

शामलाकडे पांढऱ्या सोंगट्या आल्या. बसताना ती हळूच म्हणाली, "जे होईन ते होईन वं. बोलणं सोडू नको मायासंगं." प्रेमिलाने मान हलवली.

डाव सुरू झाला. पहिल्या काही चालींतच प्रेमिलाने उंट बाहेर काढून शह दिला. शामलाने प्यादं आडवं घातलं. उंट मागे आला. दोघींचे हात कळीवर पडत होते तेवढाच आवाज. मग शामलाने घोड्याचं प्यादं एक घर पुढे केलं, त्यामागचा उंट बाहेर काढला आणि तो उंट प्रेमिलाने आपल्या घोड्याच्या बदल्यात घेतला. शामलाचा राजा अजून मूळ घरातच. प्रेमिलाने वजीर आणून त्याच रेषेत लावला. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं. वेळ दोघींची सारखीच उरली होती. आपण चांगल्या आहोत, घाई करायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तिची बोटं आपल्या राजाजवळ गेली, दबकली, आणि तिने किल्लेकोट केला, नीट, नियमाप्रमाणे.

शामलाने राजा उचलून प्याद्यामागच्या रिकाम्या घरात ठेवला आणि कळ दाबली.

प्रेमिलाने पाहिलं, राजा आता घरात बसला. समोरून मारा चालणार नाही. तिने वजीर दुसऱ्या बाजूने न्यायचं ठरवलं. तेवढं ठरवायला वेळ गेला. मग चाली भराभर. शामलाचा हात वाऱ्यासारखा. प्रेमिलाने एक हत्ती कमावला. पटावर तिचं सैन्य जास्त होतं, आणि मात कुठेतरी जवळ होती, ती तिला वासासारखी जाणवत होती, पण नेमकी दिसत नव्हती. वजीर उचलला आणि ठेवण्याआधीच टक् असा बारीक आवाज झाला.

"झेंडी पडली," गोपाळराव म्हणाले. "प्रेमिलाबाईंची. डाव शामलाचा."

कुणी तरी टाळी वाजवली, एकदाच. प्रेमिलाच्या हातात वजीर तसाच होता. देवाजीची टाळी कानात असल्यासारखी ती पुढच्या टाळीची वाट पाहत राहिली.

गोपाळराव घड्याळ उचलणार होते. त्यांची नजर पटावर गेली आणि हात थांबला. ते दोन्ही झेंड्या सांभाळत बसले होते, पट त्यांनी पाहिलाच नव्हता. आता त्यांनी वाकून पाहिलं.

"शामलाबाई, तुमचा किल्लेकोट केव्हा झाला?"

"किल्लेकोट?"

"हत्ती कोपऱ्यात आहे. राजा इथं कसा पोचला?"

 सुमतीबाई पुढे सरकल्या. गोपाळरावांनी विचारलं, "कुणाला डाव मागे नेता येईल?"

येणारी खोलीत एकच होती. प्रेमिलाने वजीर जागेवर ठेवला आणि चाली उलट्या घ्यायला सुरुवात केली. काळी, पांढरी, काळी, पांढरी. मारलेल्या सोंगट्या पटावर परत आल्या. तिचा हात कुठेही अडला नाही. तीन महिने तिने दुसरं केलं काय होतं. असं करत ती त्या चालीवर आली. तिने शामलाचा राजा प्याद्यामागून उचलला आणि मूळ घरात ठेवला. अडीच घरं.

हात तिथेच राहिला. मग तिने तो मांडीवर घेतला.

"मी उडी मारली?" शामला म्हणाली.  "मले खरंच नाही समजलं."

"चुकीची चाल," सुमतीबाई म्हणाल्या. "मग डाव प्रेमिलाचा. डिसेंबरात माझ्यासमोर हेच झालं होतं."

"तुम्ही लगेच घड्याळ थांबवलं होतं," गोपाळराव म्हणाले. त्यांनी खणातून नियमांचा छापील कागद काढला, चष्मा लावला, वाचला. पुन्हा वाचला. "चूक दाखवायची ती आपली चाल करायच्या आधी. प्रेमिलाबाईंनी चाल केली. एक नाही, कितीतरी केल्या. मग ती उडी मान्य झाली असं धरतात."

"पण आपल्या कचेरीच्या फळ्यावर तुम्हीच लिहिलं आहे," लेखा शाखेतला कारकून म्हणाला, "चुकीची चाल करणारा डाव हरला. पुढं काही नाही लिहिलं."

गोपाळरावांनी फळ्याकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी चष्मा काढला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच न पुसता परत डोळ्यावर ठेवला.

साहेबांना बोलावलं. साहेबांनी दोन्ही ऐकलं आणि म्हणाले, मुंबईच्या मुख्य कचेरीला विचारू. उत्तर येईपर्यंत नाव कुणाचंच जाणार नाही. पट हलवायचा नाही. गोपाळरावांनी प्रेमिलाला सांगून सोंगट्या पुन्हा शेवटच्या जागांवर मांडून घेतल्या. वजीर तेवढा कुठे ठेवायचा ते ठरेना, कारण तो हातातच होता. शेवटी तो पटाच्या बाजूला ठेवला. घड्याळ पडलेल्या झेंडीसकट तसंच. वरून वर्तमानपत्र पांघरलं.

बाहेर पडताना शामला फाटकाशी थांबली होती. तिची एसटी सुटायला वेळ होता.

"तुले दिसलं नाही का वं?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच नाही दिसलं."

शामलाने पदराने तोंड पुसलं. "मले वाटलं, तुले दिसलं आन् तू मायासाठी सोडून दिलं. एक घडीभर वाटलं तसं." ती बसस्टँडकडे निघाली. प्रेमिला तिच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. जी उडी यावी म्हणून ती जानेवारीपासून टपून बसली होती, ती तिच्या नाकासमोर येऊन बसली होती आणि तिला घरच्यासारखी वाटली होती. दोरा तिने बोटांसाठी बांधला होता. डोळ्यांसाठी काही बांधलं नव्हतं.

घरी देवाजी जागेवर पट मांडून बसलेला.  ती पाणी प्यायली, खाली बसली आणि तिने पहिल्यापासून डाव लावून दाखवला. शामलाच्या त्या चालीवर आली तेव्हा थांबली. देवाजीनेही पटाकडे पाहिलं.

"बरोबर तं खेळली पोरगी," तो म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "थांब. त्याच्या आधी तू शह दिला होता ना? उंटाचा?"

"दिला होता."

"प्यादं आडवं घातलं तिनं."

"घातलं."

"मंग उडी कशी चालन? शह बसला की उडी गेली. मौद्यातही तसंच हाय." त्याने श्वास घेतला. "त्यांच्या नियमातही नाही चालत आन् आपल्याही नाही. तू आपला शह विसरली माय?"

ती विसरली होती. तिने दिलेला शह, तिनेच दिलेला, सुरुवातीचा, तिच्या ध्यानातून उतरला होता. वाटेत कडबी चौक ओलांडताना तिने डाव दोनदा उलटा केला होता आणि दोन्ही वेळा त्या उंटाच्या चालीवरून नुसती पुढे गेली होती. तिने पांढऱ्या राजाच्या मानेचा काळा दोरा सोडला, काळ्याचाही सोडला, आणि दोन्ही दोरे मुठीत धरून बसली. देवाजीने टाळीसाठी हात वर केले होते, सवयीने. ते त्याने खाली घेतले.

सोमवारी ती गोपाळरावांकडे गेली आणि शहाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मुंबईच्या नियमात ही गोष्ट बसत नाही, उडीच नाही तर उडीची अट कुठून. तरी ते कागदावर लिहून घेतो म्हणाले. शामला त्या आठवड्यात डबा खायला आली, ठेचा पुढे केला. दोघी निवडीबद्दल बोलल्या नाहीत. प्रेमिलाने तिला दोऱ्याचं सांगितलं. शामला म्हणाली, "आता सांगते होय," आणि भाकरी मोडली.

त्याच आठवड्यात मुंबईला एकदा ट्रंककॉल लावला, लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तर तिकडचे संबंधित अधिकारी दौऱ्यावर होते. तार केली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी कक्षातल्या बायकांनी मस्टरवर शेवटच्या सह्या केल्या. नानाजीने सगळ्यांना एकेक चाय फुकट पाजली. एप्रिलचं मस्टर गोपाळरावांच्या टेबलावर तयार होतं, खेळाडू म्हणून कायम होणारीच्या नावाची ओळ अजून कोरी होती. प्रेमिलाला आणि शामलाला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं होतं, सही न करता, उत्तर येईपर्यंत बाकावर बसायला. अभिलेख शाखेत पट वर्तमानपत्राखाली तसाच होता. संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत मुंबईहून उत्तर आलेलं नव्हतं.